मरुभूमीची वाणी, हिमभूमीची वाणी

(मातृभाषा दिनाच्या निमित्ताने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



फेब्रुवारीचा अखेरचा सप्ताह हा जणू भाषांचाच सप्ताह असतो. २१ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन. १९५२ साली ढाक्याच्या रस्त्यांवर बंगाली भाषेसाठी तरुणांनी आपले रक्त सांडले, त्या बलिदानाची स्मृती म्हणून युनेस्कोने १९९९ मध्ये या दिवसाची घोषणा केली. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जयंतीदिनी महाराष्ट्र मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो. आणि लगेच दुसऱ्या दिवशी, २८ फेब्रुवारीला, उत्तर ध्रुवाच्या कडेला वसलेला फिनलंड हा छोटासा देश 'कालेवाला दिन' पाळतो. १८३५ साली याच तारखेला एलियास ल्योन्‌रोट या वैद्याने आपण संकलित केलेल्या लोककाव्याच्या प्रस्तावनेखाली स्वाक्षरी केली. एका ग्रंथाच्या प्रस्तावनेखालची ही तारीख आज तेथे राष्ट्रध्वज उभारून साजरी होते.

आजचा विषय या फिनिश भाषेचा आहे आणि तिच्या जोडीला मारवाडीचा आहे. एक भाषा थरच्या तापलेल्या वाळूत वाढली, दुसरी सहा-सहा महिने गोठलेल्या सरोवरांच्या काठी. एकीचा दुसरीशी संबंध काय, असा प्रश्न कोणालाही पडावा. परंतु या दोन भाषांची तुलना केली असता एका मूलभूत प्रश्नाचे उत्तर हाती लागते. तो प्रश्न असा : भाषा कशाने तरते आणि कशाने खचते?

कुळ वेगळे, ठेवण जवळची

प्रथम कुळाचा विचार. मारवाडी ही संस्कृत-प्राकृत-अपभ्रंश या परंपरेतून आलेली आर्य भाषा. जुन्या पश्चिमी राजस्थानीतून, जिला अभ्यासक मरु-गुर्जर असेही म्हणतात, गुजराती आणि मारवाडी या दोन शाखा फुटल्या. फिनिशचे कुळ सर्वस्वी निराळे. ती उरली भाषाकुळातील असून एस्टोनियन तिची सख्खी बहीण, तर हंगेरियन दूरची नातलग. शेजारच्या स्वीडिश किंवा रशियन भाषेशी तिचे कुळाचे नाते नाही. गंमत अशी की, स्वीडिश आणि रशियन या इंडो-युरोपीय कुळातल्या असल्यामुळे त्या मारवाडीच्या आणि मराठीच्या दूरच्या आप्त ठरतात. फिनिश मात्र परकी.

असे असूनही फिनिशमध्ये काही शब्द भेटतात आणि भारतीय कान टवकारतात. तेथे शंभराला 'सता' म्हणतात. आपला 'शत' आठवतो. हातोड्याला 'वसरा' म्हणतात. त्याचे नाते 'वज्र' शब्दाशी लावले जाते. मूल्याला 'अर्वो' म्हणतात. संस्कृतात 'अर्घ' म्हणजे मूल्य. असे शब्द दाखवून 'फिनिश ही संस्कृतची कन्या' असे छातीठोकपणे सांगणारे उत्साही लोक आपल्यात कमी नाहीत. त्या मोहापासून दूर राहिले पाहिजे. हे शब्द फार प्राचीन काळी उसने घेतलेले आहेत. भारत-इराणी बोलणारे लोक आणि फिनिशांचे पूर्वज यांचा संपर्क सुमारे चार हजार वर्षांपूर्वी युरल पर्वताच्या आसपासच्या गवताळ प्रदेशात आला असावा, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. उसन्या शब्दांवरून कुळ ठरत नाही. 'पाव' आणि 'बटाटा' हे शब्द मराठीने पोर्तुगीजांकडून घेतले, म्हणून मराठी काही पोर्तुगीजची बहीण होत नाही. संस्कृतचा खरा गौरव असल्या ओढाताणीवर अवलंबून नाही. हेलसिंकी विद्यापीठात १८७५ साली संस्कृत आणि तौलनिक भाषाशास्त्राचे प्राध्यापक झालेले ओट्टो डॉनर हे फिनिश भाषेच्या चळवळीतलेही अग्रणी होते. स्वभाषेच्या उत्थानासाठी झटणाऱ्या माणसाला संस्कृतच्या अभ्यासाची आवश्यकता वाटली, हा गौरव पुरेसा आहे.

कुळ वेगळे असले तरी ठेवणीत मात्र काही नवलाची साम्ये आहेत. फिनिशमध्ये 'तलो' म्हणजे घर, 'तलोस्सा' म्हणजे घरात, 'तलोस्ता' म्हणजे घरातून. मराठी माणसाला हे शिकवावे लागत नाही, कारण तो स्वतः 'घर, घरात, घरातून' असेच बोलतो. फिनिशमध्ये अशा पंधरा विभक्ती मोजतात. मारवाडीत प्रत्यय थोडे सुटे राहतात : 'घर में', 'घर सूं', 'घर रो'. इंग्रजीत वस्तू जवळ असणे सांगायला एक स्वतंत्र क्रियापद आहे. फिनिशमध्ये ते नाही. 'मिनुल्ला ओन किर्या' म्हणजे शब्दशः 'माझ्यापाशी आहे पुस्तक'. मारवाडीतही 'म्हारै कनै पोथी है' असेच म्हणतात आणि मराठीतही 'माझ्याजवळ पुस्तक आहे'. मालकी सांगताना वस्तू जवळ असल्याचेच तेवढे सांगायचे, ही रीत थरमध्येही आहे आणि ध्रुवाच्या कडेलाही.

भेदही तितकेच बोलके आहेत. फिनिशमध्ये व्याकरणातले लिंगच नाही. 'तो' आणि 'ती' या दोघांना 'हॅन' हा एकच शब्द. मारवाडीत पुल्लिंग आणि स्त्रीलिंग असा भेद आहे, 'घोडो' आणि 'घोडी', आणि त्याप्रमाणे 'रो'चे 'री' होते. फिनिशमध्ये स्वराच्या आणि व्यंजनाच्या लांबीला प्राणाचे मोल : 'तुली' म्हणजे आग, 'तूली' म्हणजे वारा आणि 'तुल्ली' म्हणजे जकात. मारवाडीत हे मोल 'ल' आणि 'ळ' यांच्या भेदाला आहे. तेथे 'काल' म्हणजे उलटून गेलेला दिवस आणि 'काळ' म्हणजे दुष्काळ. मराठी माणसाला ही जोडी परकी वाटणार नाही. प्रमाण हिंदीत मात्र 'ळ' नसल्याने हा भेद लिहून दाखवण्याची सोय उरत नाही.

आणखी एक साम्य मराठी आणि मारवाडी यांना घट्ट बांधणारे आहे. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' हे दोन वेगळे शब्द आहेत. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. मारवाडीत त्यासाठी 'म्हे' आणि 'आपां' असे शब्द आहेत. फिनिशमध्ये दोन्हींसाठी 'मे' हा एकच शब्द. 'म्हे' आणि 'आपां' यांच्यातला हा भेद ध्यानात ठेवावा, पुढे तो उपयोगी पडणार आहे.

पाण्याचे शब्द, बर्फाचे शब्द

भाषा ही भूमीची लेक असते. जैसलमेर परिसरात वर्षाला सरासरी २०० मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडतो. तेथल्या लोकांनी पाण्याचे तीन प्रकार ओळखले. आकाशातून थेट पडणारे ते 'पालर पाणी'. खोल विहिरीतले ते 'पाताळ पाणी'. आणि या दोहोंच्या मधले, वाळूखालच्या खडूसारख्या थरावर ओलाव्याच्या रूपाने अडकून राहिलेले, ते 'रेजाणी पाणी'. या ओलाव्यासाठी अत्यंत अरुंद विहीर खणतात. तिला 'कुंई' म्हणतात. अनुपम मिश्र यांनी १९९५ साली 'राजस्थान की रजत बूंदें' या ग्रंथात या साऱ्या शास्त्राची नोंद केली. साठवणीचा 'टांको', गावाची 'नाडी', पावसाचे पाणी अडवून पिके घेण्याचे शेत ते 'खडीन', देवाच्या नावाने राखलेले रान ते 'ओरण'. हे शब्द म्हणजे मरुभूमीत शतकानुशतके टिकून राहण्याची विद्या आहे.

फिनिश माणसाची विद्या बर्फाची. पडणारे हिम ते 'लुमी', जमिनीवर साचून राहिलेला थर ती 'हंकी', पावसात मिसळून पडणारे ते 'रॅन्ता', ताजे भुरभुरीत ते 'विती', मुलांना गोळे करता येईल असे ओलसर ते 'नुओस्का' आणि रस्त्यावर वितळून चिखल झालेले ते 'लोस्का'. कोणत्या बर्फावरून घसरगाडी धावेल आणि कोणत्या बर्फात पाय रुतेल, हे या शब्दांनीच मुलाला कळते.

येथे दोन्ही भाषा तुल्यबळ आहेत. भेद पुढे आहे. हेलसिंकीचे शाळकरी मूल 'हंकी' हा शब्द आपल्या पाठ्यपुस्तकात वाचते. जोधपूरच्या इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलाला 'रेजाणी' शब्द कोणी सांगायचा? आणि शब्द गेला की कुंई कोठे खणावी हे ज्ञानही त्याच्याबरोबर जाते.

वडील कोण?

कोणाला वाटेल, फिनिश ही जुनी समृद्ध भाषा असेल, म्हणून ती टिकली. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. जालोरच्या कान्हडदेवाने अल्लाउद्दीन खिलजीला दिलेल्या झुंजीचे वर्णन करणारा पद्मनाभाचा 'कान्हडदे प्रबंध' १४५५ साली पूर्ण झाला. तो जुन्या पश्चिमी राजस्थानीत आहे. फिनिशमधले पहिले छापील पुस्तक, मिकाएल आग्रिकोला यांची बाराखडी, निघाले १५४३ साली, म्हणजे ८८ वर्षांनंतर. डिंगळ काव्याची वीररसपूर्ण परंपरा चारणांनी उभी केली. अकबराच्या दरबारात असलेल्या बिकानेरच्या पृथ्वीराज राठोडाने 'वेलि क्रिसन रुकमणी री' हे काव्य रचले. सतराव्या शतकात जोधपूरचे दिवाण मुहणोत नैणसी यांनी 'मारवाड रा परगनां री विगत' हा ग्रंथ सिद्ध केला. परगण्यांचा इतिहास, गावांची नोंद, महसुलाचे आकडे असे सारे त्यात आहे. म्हणजे मारवाडी ही राज्यकारभाराची भाषा होती.

त्या काळी फिनिशची अवस्था काय होती? फिनलंड शतकानुशतके स्वीडनच्या अमलाखाली होता. दरबार, न्यायालय, सैन्य यांची भाषा स्वीडिश, विद्यापीठाची लॅटिन. फिनिश उरली शेतकऱ्याच्या आणि कोळ्याच्या झोपडीत. वर चढायचे तर स्वीडिश शिकायचे आणि आडनावही स्वीडिश घ्यायचे, अशी रीत पडली. १८०९ साली स्वीडनचा पराभव होऊन फिनलंड रशियाच्या झारकडे गेला. धनी बदलला, झोपडीतली भाषा झोपडीतच राहिली.

एक शिंपीपुत्र आणि एक तत्त्वज्ञ

ही भाषा उठली कशी? ज्यांची भाषा स्वीडिश होती अशा सुशिक्षितांनी ठरवले म्हणून. १८३१ साली हेलसिंकीत फिनिश साहित्य संस्था स्थापन झाली. तिचा पहिला चिटणीस ल्योन्‌रोट, गावच्या शिंप्याचा मुलगा. तो वैद्यकी शिकला, कायानी या आडवळणाच्या गावी सरकारी वैद्य झाला आणि रजा काढून कारेलियाच्या रानात पायी फिरला. म्हाताऱ्या गायकांच्या तोंडून ऐकलेले काव्य त्याने उतरवून घेतले आणि गुंफले. १८४९ च्या वाढीव आवृत्तीत ५० सर्ग आणि २२,७९५ ओळी झाल्या. ज्यांना कोणी विचारत नव्हते त्या खेडुतांपाशी एक महाकाव्य आहे, हे साऱ्या युरोपाने पाहिले.

दुसरा माणूस योहान विल्हेल्म स्नेलमान, तत्त्वज्ञ आणि संपादक. त्याचे स्वतःचे लेखन बहुतांशी स्वीडिशमध्ये. आपल्याच वर्गाला त्याने त्याच्याच भाषेत सुनावले की, जनतेची भाषा शाळेची आणि न्यायाची भाषा झाल्यावाचून राष्ट्र उभे राहणार नाही. १८६३ साली झार दुसऱ्या अलेक्झांडरने फर्मान काढले : जनतेशी संबंध येणाऱ्या व्यवहारात वीस वर्षांत फिनिशला स्वीडिशच्या बरोबरीचे स्थान मिळावे. स्नेलमान त्या वेळी सेनेटमध्ये होता.

फर्मानाने एकट्याने काही साधत नाही. युव्हॅस्क्युला येथे १८५८ साली फिनिश माध्यमाची पहिली माध्यमिक शाळा निघाली होती आणि १८६३ मध्ये तेथेच शिक्षक घडवणारे विद्यालय सुरू झाले. ल्योन्‌रोट शब्दकोशाला लागला. दोन लाखांहून अधिक शब्दांचा तो कोश १८८० साली पूर्ण झाला. नवे शब्द घडवले गेले. पुस्तकाला 'किर्या', त्यापासून ग्रंथालय 'किर्यास्तो' आणि साहित्य 'किर्याल्लिसूस'. विजेला 'सॅह्‌क्यो' हा शब्द १८४५ साली बनला. पुढे दूरध्वनीसाठी 'बोलणे' या धातूवरून 'पुहेलिन' आणि संगणकासाठी 'ज्ञानयंत्र' या अर्थाचा 'तिएतोकोने'. आपल्याकडे शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि स्वातंत्र्यवीर सावरकरांनी 'महापौर', 'दिनांक', 'हुतात्मा' असे शब्द रूढ केले. त्यांना हसणाऱ्यांच्या तोंडी आज तेच शब्द आहेत. स्वत्वाची ही जाणीव फिनिशांना आपल्याइतकीच परिचित आहे.

१२ मे १९०६ ही स्नेलमानची जन्मशताब्दी. त्या निमित्ताने हजारो कुटुंबांनी आपली स्वीडिश आडनावे टाकून फिनिश आडनावे धारण केली. कोणी सक्ती केली नव्हती. १९१७ च्या ६ डिसेंबरला फिनलंड स्वतंत्र झाला. १९३९ साली फ्रान्स एमिल सिलान्पॅ या फिनिश लेखकाला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९५ पासून ही भाषा युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांपैकी एक आहे. ती मातृभाषा असणारे लोक सुमारे अर्धा कोटीच आहेत.

मारवाडीचे ल्योन्‌रोट

मारवाडीपाशी ल्योन्‌रोट नव्हते असे कोणी म्हणू नये. पाबूजी राठोडाची गाथा ही मरुभूमीची कालेवालाच आहे. लग्नाच्या फेऱ्या अर्धवट सोडून गायींच्या रक्षणासाठी धावलेल्या आणि त्यातच प्राण देणाऱ्या या लोकदेवतेची कथा भोपा आणि भोपी चित्रित पडद्यासमोर, रावणहत्थ्याच्या साथीने, रात्ररात्र गातात. आपल्या गोंधळ्याचे हे मरुभूमीतले भावंड. लुइजी पिओ तेस्सितोरी हा इटलीचा तरुण जुन्या राजस्थानीचे व्याकरण लिहून भारतात आला, डिंगळ हस्तलिखिते शोधत उंटावरून हिंडला आणि १९१९ साली वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी बिकानेरच्या मातीत विसावला. जोधपूरचे सीताराम लाळस हे पेशाने शिक्षक. त्यांनी दोन लाखांहून अधिक शब्दांचा 'राजस्थानी सबद कोस' आयुष्य वेचून सिद्ध केला. १९७७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ल्योन्‌रोटचा कोश आणि लाळसांचा कोश शेजारी ठेवले तर कष्टात डावे-उजवे करता येणार नाही.

विजयदान देथा यांनी बोरुंदा या आपल्या गावी राहून खेडुतांच्या, विशेषतः स्त्रियांच्या तोंडच्या कथा 'बातां री फुलवाडी'च्या १४ खंडांत मांडल्या. कोमल कोठारी यांच्यासह १९६० मध्ये त्यांनी रूपायन संस्थान उभारले. १९७४ साली राजस्थानीसाठीचा पहिला साहित्य अकादमी पुरस्कार देथांना मिळाला. येथे फिनलंडमधला एक धडा सांगण्यासारखा आहे. अलेक्सिस कीवी याने १८७० साली 'सात भाऊ' ही फिनिशमधील पहिली थोर कादंबरी लिहिली. तिच्यातली रांगडी खेडवळ भाषा फिनिशच्याच एका विद्वान प्राध्यापकाला सहन झाली नाही. त्याने तिच्यावर आसूड ओढले. कीवी दोन वर्षांनी दारिद्र्यात मरण पावला. आज तो त्यांचा राष्ट्रीय लेखक आहे. भाषेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी भाषेच्या खऱ्या धन्याला, म्हणजे तिच्या बोलणाऱ्याला, अंगणाबाहेर उभे करू नये.

मग अडले कोठे?

मग मारवाडी मागे का पडली? संख्येने नव्हे. २०११ च्या जनगणनेत मातृभाषा 'मारवाडी' अशी नोंद करणारे सुमारे ७८ लाख लोक होते आणि 'राजस्थानी' अशी नोंद करणारे सुमारे २ कोटी ५८ लाख. म्हणजे नुसती मारवाडीच फिनिशहून मोठी. परंतु हे दोन्ही आकडे हिंदीच्या बेरजेत मिळवले जातात. २००१ मध्ये मारवाडीचा आकडा सुमारे ७९ लाख होता. दहा वर्षांत लोकसंख्या वाढली आणि आकडा घटला. माणसे कोठे गेली नाहीत. त्यांनी आपल्या भाषेचे नाव सांगणे सोडले.

पैशानेही नव्हे. ज्या समाजाने कोलकात्यापासून मुंबईपर्यंत पेढ्या उभ्या केल्या, वर्ध्याच्या जमनालाल बजाजांसारखे दानशूर देशभक्त दिले, त्याला एका भाषेची शाळा जड नाही. लेखनाचीही उणीव नव्हती. वह्या तर रोज लिहिल्या जात. मात्र त्या महाजनी मुडिया लिपीत काना-मात्रा गाळून लिहीत. 'काका अजमेर गया' असे लिहिलेले पत्र 'काका आज मर गया' असे वाचून घरात रडारड झाल्याची गोष्ट मारवाडी घराघरांत हसत सांगतात. व्यापाराने मारवाडीला वही दिली, पाठ्यपुस्तक दिले नाही. राजस्थानच्या निर्मितीनंतर राज्यकारभार हिंदीत गेला. शाळेत मुलाची बोली म्हणजे 'अशुद्ध हिंदी' ठरली. आणि जी भाषा शाळेत चूक ठरते, ती आई मुलाशी बोलेनाशी होते.

दोष आपल्याकडेही आहे. मराठीत 'मारवाडी' हा शब्द कंजूषपणासाठी सर्रास वापरला जातो. नैणसी, पृथ्वीराज आणि देथा यांच्या भाषेचे नाव आपण चेष्टेच्या पंक्तीला बसवले. जालना, अमरावती, सोलापूर, इचलकरंजी येथे पिढ्यान्‌पिढ्या राहून उत्तम मराठी बोलणाऱ्या बांधवांच्या मुलाने आपल्या आजीची भाषा चारचौघांत बोलू नये, असे त्याला वाटले तर त्यात नवल ते काय?

दोन आक्षेप

२५ ऑगस्ट २००३ रोजी राजस्थान विधानसभेने राजस्थानीचा समावेश आठव्या अनुसूचीत व्हावा, असा ठराव एकमताने केला. त्याच वर्षी अटलजींच्या शासनकाळात बोडो, डोगरी, मैथिली आणि संथाली या चार भाषांना घटनादुरुस्तीने तेथे स्थान मिळाले. अनुसूचीत २२ भाषा झाल्या. राजस्थानी बाहेरच राहिली. या मागणीवर दोन आक्षेप येतात.

पहिला आक्षेप असा की, राजस्थानी म्हणजे नेमकी कोणती? मारवाडी, ढुंढाडी, मेवाडी की हाडोती? फिनलंडमध्येही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हेच भांडण होते. आग्रिकोलापासूनची लेखी भाषा पश्चिमेकडच्या बोलींवर आधारलेली, तर कालेवालाचे काव्य पूर्वेकडचे. दोन्ही पक्षांनी पराकोटीचा वाद घातला. शेवटी ल्योन्‌रोट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लेखी भाषेचा पश्चिमी पाया ठेवला आणि पूर्वेच्या शब्दसंपत्तीला दारे उघडली. कोणतीही प्रमाण भाषा आकाशातून पडत नाही. ती समजुतीने घडवावी लागते. राजस्थानात मारवाडी मोठी आहे, म्हणून समजुतीची अधिक जबाबदारीही तिचीच.

दुसरा आक्षेप असा की, यामुळे हिंदी दुबळी होईल आणि देशाच्या ऐक्याला बाधा येईल. फिनिश राष्ट्र भाषेवर उभे राहिले. भारत तसा नाही. हे राष्ट्र संस्कृतीवर उभे आहे आणि ही संस्कृती अनेक भाषांतून बोलते. सर्वच भारतीय भाषा या राष्ट्रीय भाषा होत, ही भूमिका श्रीगुरुजींनी वेळोवेळी मांडली. २०१८ च्या मार्चमध्ये नागपूर येथे अखिल भारतीय प्रतिनिधी सभेने भारतीय भाषा आणि बोली यांच्या संरक्षणाचा ठराव केला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरला. मारवाडी मुलाला दुसरीत मारवाडी वाचता आली म्हणून त्याची हिंदी बिघडणार नाही. पहिल्या अक्षराशी जुळलेले मूल पुढच्या भाषा अधिक चांगल्या शिकते. फांद्या तोडल्याने खोड जाड होत नसते.

फिनलंडची आणखी दोन उदाहरणे येथे उपयोगी आहेत. स्वतंत्र झाल्यावर १९१९ च्या राज्यघटनेत त्यांनी फिनिशबरोबर स्वीडिशलाही राष्ट्रभाषेचे स्थान दिले. कालच्या राज्यकर्त्यांची भाषा बोलणारे लोक आज जेमतेम पाच टक्के आहेत, तरीही त्यांच्या शाळा आणि त्यांचे विद्यापीठ आहे. हे मनाचे मोठेपण. उलट उत्तरेकडील सामी या मूळ जमातीच्या मुलांना त्याच फिनिशांनी दीर्घकाळ केवळ फिनिशमधून शिकवले. त्यांच्या भाषांना कायद्याचे संरक्षण मिळायला १९९२ उजाडले. जो काल दबलेला होता, तो आज दुसऱ्याला दाबू शकतो. मराठी असो वा मारवाडी, प्रत्येक भाषाभिमान्याने हा आरसा जवळ ठेवावा.

घरातून प्रारंभ

शासन आपले काम केव्हा करील ते करो. फिनलंडमध्ये फर्मान १८६३ साली आले, पण साहित्य संस्था त्याच्या ३२ वर्षे आधी स्थापन झाली होती. समाज आधी उठला, राजाज्ञा मागून आली. म्हणून प्रारंभ घरातून व्हावा. मारवाडी घरातील आजीने नातवाशी मारवाडीतूनच बोलावे. आजीच्या कथा, व्रतकथा, लग्नगीते ध्वनिमुद्रित करून ठेवावीत. बिकानेरला १९८३ पासून राजस्थानी भाषा, साहित्य व संस्कृती अकादमी आहे. तिची प्रकाशने घरात यावीत. लाळसांचा कोश महाराष्ट्रातल्या मोठ्या ग्रंथालयांत असावा. देथांच्या कथा मराठी वाचकांनी वाचाव्यात. आणि मराठी माणसाने आपल्या शेजाऱ्याला निदान 'राम राम सा' म्हणून त्याच्या भाषेत हाक द्यावी.

फिनिशमध्ये 'आम्ही' आणि 'आपण' यांसाठी एकच शब्द आहे. तरीही कालचे स्वीडिशभाषी सुशिक्षित आणि झोपडीतले फिनिश शेतकरी यांनी तो शब्द एकमेकांना आत घेऊन उच्चारला, म्हणून त्यांची भाषा उभी राहिली. मारवाडीपाशी आणि मराठीपाशी तर दोन स्वतंत्र शब्द आहेत. राजस्थानात मारवाडी, मेवाडी, हाडोती असे सारे 'म्हे, म्हे' म्हणत राहिले तर विधानसभेचा ठराव कागदावरच राहील. ज्या दिवशी ते 'आपां' म्हणतील आणि त्या 'आपां'मध्ये हिंदीलाही, मराठीलाही जागा असेल, त्या दिवशी मरुभूमीच्या वाणीला मान्यतेसाठी कोणाच्या दारी जावे लागणार नाही. मान्यताच तिच्या दारी येईल.